चुड्याखालची कातडी

आमच्या तांड्यात मला दोन नावं आहेत. समोर पुष्पाबाई आणि पाठीमागे मिरची. मी आशाताई आहे. बाळंतिणीला दवाखान्यात नेणं, पोरांना डोससाठी गोळा करणं, गोळ्या वाटणं ही माझी कामं. रागावणं माझ्या कामात बसत नाही, ते मी फुकटात करते. ज्या बाईबद्दल सांगायचंय ती माझी चुलतसासू, रामीबाई. मी तिला काकी म्हणते. तिचं सांगायला बसले की अजून माझी कानशिलं तापतात. गोड काही वाचायचं असेल तर दुसरीकडे बघा.

काकी बासष्ट वर्षांची. तिचा आजा बैलांच्या पाठीवर मिठाच्या गोण्या लादून गावोगाव फिरायचा. बाप शेतीला लागला आणि काकी पंधराव्या वर्षी देवसिंगकाकाशी लग्न होऊन उमरखेडजवळच्या या तांड्यात आली. कापूस वेचण्यात तिचा हात धरणारी बाई मी पाहिली नाही. दोन्ही हातांनी वेचायची, तोंडानं गाणं चालू, आणि मागे राहिलेल्या बाईला अशी शिवी हासडायची की ती बाई हसत हसत पुढे यायची. वेचणीच्या टोळीची मुकादम तीच. एका साली तर आठ बायका घेऊन पार राळेगावकडे दीड महिना राहून आली. पाल ठोकण्यापासून शेतमालकाशी भांडण्यापर्यंत सगळं तिनंच केलं.

फेटिया-कांचळी, म्हणजे आरसे लावलेला घागरा आणि उघड्या पाठीची चोळी, रोज नेसणाऱ्या आमच्यात आता चारच म्हाताऱ्या उरल्यात. काकी त्यातली एक. आणि तिच्या दंडावर चुडो. कोपरापासून थेट काखेपर्यंत पांढऱ्या बांगड्या, वर वर मोठ्या होत जाणाऱ्या. पूर्वी हस्तिदंताच्या असायच्या, मग हाडाच्या आल्या, आता प्लास्टिकच्या. नवरा जिवंत आहे तोवर चुडो दंडावर. नवरा गेला की उतरतो. मध्येच एखादी बांगडी तडकली तर आधी नवी चढवतात, मग जुनी काढतात, दंड क्षणभरही मोकळा ठेवत नाहीत. काकीच्या वरच्या चार बांगड्या तर वीस वर्षांत हलल्याही नव्हत्या. दंड भरला आणि त्या रुतून बसल्या.

दोन उन्हाळ्यांमागे तिच्या उजव्या काखेत खाज सुटली. आधी लाल चट्टा, मग कडेनं चढत जाणारं वर्तुळ, मग ओली खरूज झाल्यासारखं. ती मला बोलली नाही. मी आशा, रोज तिच्या दारावरून जाणारी, आणि मला सांगायची लाज! का, तर जागा काखेतली. पोटात दुखलं तर तांडाभर बोंब ठोकतील, पण काख, मांडी, जांघ म्हटलं की तोंडाला कुलूप. ह्या लाजेनं आमच्या बायकांचं जेवढं वाटोळं केलंय तेवढं कुठल्या रोगानं केलेलं नाही.

मग घरगुती इलाज सुरू झाले. कुणी सांगितलं कडूनिंबाचा पाला, तो लावला. कुणी सांगितलं तुरटी, ती घासली. नंदाबाई म्हणून आमची एक शेजारीण आहे, तिनं सांगितलं ट्रॅक्टरचं जळकं ऑइल लाव. लावलं. मग रुईचा चीक लावला आणि कातडं भाजून निघालं. शेवटी देवसिंगकाकानं फाट्यावरच्या देवीलालच्या मेडिकलमधून एक ट्यूब आणली. देवीलाल डॉक्टर नाही आणि त्याच्या दुकानात भिंतीवर टांगलेलं लायसन्सही दुसऱ्या कुणाच्या नावाचं आहे. त्यानं काख पाहिली नाही, विचारलं नाही. खाज म्हटलं की त्याच्याकडे ती एकच ट्यूब.

ट्यूब लावली आणि दोन दिवसांत खाज गेली. काकी खूश. आठ दिवसांत परत आली, दुप्पट. परत ट्यूब, परत आराम, परत दुप्पट. असं दीड वर्ष! आणि एकच ट्यूब सगळ्या घराला. काकाची जांघ खाजते, लाव. नातवाच्या पाठीवर गोल उठला, लाव. टॉवेल एक, ट्यूब एक. दात घासायच्या पेस्टसारखी खिडकीत ठेवलेली असायची.

मला कळलं ते मागच्या कापसाच्या हंगामात, आणि तेही वासानं. टोळी काळीपिवळी जीपमधून शेतावर निघाली होती, मी फाट्यापर्यंत त्यांच्यासोबत बसले. नंदाबाईनं नाकाला पदर लावला आणि म्हणाली, "काकी, तुमी मांगं बसा जी. हवा खेयते तिथं." जिच्या शब्दावर आठ बायका राळेगावला गेल्या, ती काकी उठून मागच्या फळीवर जाऊन बसली. तिनं शिवी द्यायला हवी होती. दिली नाही.

संध्याकाळी मी तिला न्हाणीत नेलं आणि दार लावलं. "हात वर करा," म्हटलं. हात खांद्याच्या वर जाईना. चुड्याच्या वरच्या बांगडीखाली आणि काखेत तिनं कापूस कोंबला होता. शेतातला, सरकी काढलेला, पांढराशुभ्र कापूस.

"हे काय केलं काकी?"

"घाम पितो न तो," ती म्हणाली. "बांगडी घासत नाई. सकाळी भरतो, दुसऱ्या दिशी बदलतो. मऊ वाटते."

यवतमाळची बाई, हाताशी कापूस, दुसरं काय सुचणार! तो कापूस घाम प्यायला आणि तिथंच बसून कुजला. ओढून काढला तर कातडीचा पापुद्रा त्याच्यासोबत आला. काकीनं दात आवळले. खाली कातडी कांद्याच्या सालीसारखी पातळ झाली होती, त्यावर जांभळ्या चिरा, कडेला लालभडक. मानेभोवती काळपट मखमलीसारखी जाड कातडी. इतके दिवस मी ती उन्हानं रापलेली समजत होते. माझा माझ्यावरच राग आला, तो वेगळा.

उमरखेडला दर गुरुवारी चामडीच्या डॉक्टर येतात, अर्पिता मॅडम. वयानं माझ्या धाकट्या बहिणीएवढ्या. टोळीचा हंगाम संपेपर्यंत काकी हलली नाही, फेब्रुवारीत एकदाची एसटीत बसली. मॅडमनी नाकाला काही लावलं नाही. काख पाहिली, मान पाहिली, बोटातून रक्त काढून साखर पाहिली. तीनशे दहा. जेवणाआधी!

मग त्यांनी समजावलं, आणि मी ते तांड्यात इतक्या वेळा सांगितलंय की झोपेतही सांगेन. हा गजकर्ण आहे, बुरशीचा. ओल, घाम आणि घासणं मिळालं की बुरशी फोफावते. वाढलेली साखर तिला खतपाणी घालते, आणि मानेवरचा तो काळेपणाही साखरेचाच निरोप आहे. देवीलालच्या ट्यूबमध्ये स्टेरॉइड आहे. ते खाज दाबतं, कातडी पातळ करतं आणि बुरशीला मोकळं रान देतं. ट्यूब आजच बंद. बंद केल्यावर चार दिवस जास्त पेटेल, घाबरायचं नाही. पोटातल्या गोळ्या आणि लावायचं औषध दीड-दोन महिने, खाज गेली तरी मध्येच सोडायचं नाही. साखरेच्या गोळ्या रोज. घरातल्या ज्याला ज्याला आहे त्या सगळ्यांनी एकदम इलाज घ्यायचा. टॉवेल वेगळे, कपडे गरम पाण्यात धुऊन उलटे करून कडक उन्हात वाळवायचे. आंघोळीनंतर काख कोरडी, पूर्ण कोरडी.

"आणि ह्या बांगड्या काढाव्या लागतील आजी," मॅडम म्हणाल्या. "निदान वरच्या. त्यांच्याखाली हवाच जात नाही. त्या असेपर्यंत माझं औषध तिथं पोचणार नाही."

काकी उठून उभी राहिली. "चाल पुष्पे. एसटी जाईन."

घरात आम्ही आमची गोरमाटी बोलतो. तुम्हाला कळावं म्हणून मी ते बोलणं वऱ्हाडीत लिहिते आहे. पण त्या दिवशी एसटीत काकी काहीच बोलली नाही, ना ह्या भाषेत ना त्या. फाट्यावर उतरल्यावर एवढंच म्हणाली, "तुया काका जिता आहे. जित्या मानसाचा चुडो उतरवू का मी? त्याच्या मरनाची वाट पाहून राह्यली का म्हनतीन लोकं."

आता गंमत बघा. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात तो हा असा. कडूनिंब, तुरटी, ऑइल, चीक, ट्यूब, सगळं झालं. नंदाबाईनं तर नजर लागली म्हणून मिरच्याही उतरवल्या. रोग बसलाय बांगडीखाली आणि बांगडीला हात लावायची कुणाची टाप नाही! मी देवीलालकडे जाऊन भांडले. त्यानं काखा वर केल्या. म्हणे, लोक मागतात, मी देतो. मी देवसिंगकाकाशीही बोलले. काका वाईट माणूस नाही, हे मुद्दाम सांगते. दारू नाही, मारझोड नाही. पण तोंड उघडायचं म्हटलं की माणूस छपरात बघतो. "भिया म्हनन तसं," म्हणाला. भिया म्हणजे त्याचा थोरला भाऊ धावजी, तांड्याचा नायक, आणि माझ्या नशिबानं माझा सासरा.

काकीनं गोळ्या घेतल्या, औषध लावलं. बाकीची काख सुधारली, बांगड्यांखालची नाही. एप्रिल उजाडला. आमच्याकडचा एप्रिल ज्याला माहीत आहे त्याला सांगायला नको. बांगडीच्या कडेला काखेत गाठ आली. काखमांजरी. लिंबाएवढी झाली, मग पेरूएवढी, आणि काकीला ताप भरला. दंड सुजून बांगड्या मांसात गेल्या. मी मॅडमना फोन लावला. त्या म्हणाल्या, उद्या गुरुवारच आहे, सकाळी आणा, चिरा द्यावा लागेल. साखर एवढी असताना पू आत पसरला तर हात वाचेल की नाही सांगता येणार नाही, जीवही जाऊ शकतो. आणि बांगड्या कापूनच आणा, नाहीतर मी इथं कापेन.

हे सगळं कसं कुणास ठाऊक सासऱ्याच्या कानावर गेलं. संध्याकाळी त्यानं काका-काकीला आपल्या ओट्यावर बोलावलं. दहा-बारा माणसं जमली, बायका दारांत. मला सासऱ्यासमोर डोक्यावरून पदर घेऊन बाजूला उभं राहावं लागतं. मी राहिले.

"रामी," सासरा म्हणाला, "चुडो उतरवनार म्हने तू?"

काकी भिंतीला टेकली होती. तापानं डोळे लाल. "डाक्टरीन म्हनते, हात जाईन."

"डाक्टरनीले काय मालूम आपली रीत? तुई सासू चुड्यासकट गेली. माई बायको चुड्यासकट गेली. चुडो बाईच्या हातात असते, पन त्याच्यात जीव नवऱ्याचा असते. तो राखते देवसिंगाले. उतरवला अन् उद्या याले काई झालं, मंग?"

देवसिंगकाका छपरात बघत होता. छपरात काय लिहिलं होतं देव जाणे.

मला राहवलं नाही. "मामाजी," मी पदराआडून म्हटलं, "काकीले काई झालं, मंग?"

"तू गप बस वं!"

"बसत नाई! ती मरून राह्यली तुमच्यासमोर, अन् तुमी ज्याले काईच झालं नाई त्याची चिंता करून राह्यले!"

पंधरा वर्षांत मी सासऱ्यासमोर एवढं बोलले नव्हते. माझ्या नवऱ्यानं मला मागून ओढलं. गलका झाला. आणि त्या गलक्यात काकी भिंतीवरून सरळ झाली. हळूच म्हणाली, पण सगळ्यांना ऐकू गेलं.

"थांबा. नायक बोलला ते बरोबर आहे का? चुड्यात याचा जीव आहे?"

"हाओ," सासरा म्हणाला.

"चुडो याले राखते?"

"राखतेच."

"मंग पुष्पे, ब्लेड आन."

ठिबकचे पाइप कापायची काकाची हॅक्सॉ ब्लेड त्यांच्याच ओसरीत खुंटीला होती. मी पळत जाऊन आणली. येताना एक पातळ स्टीलची पट्टीही आणली, कातडी आणि बांगडीच्या मध्ये सरकवायला. कुणी आडवं आलं नाही. काकी काय करणार आहे हेच कुणाला कळत नव्हतं, मलाही नाही. सर्वात वरची बांगडी मी कापायला घेतली. पट्टी आत जाताना काकी एकदा ओरडली, मग टुकरीचं, म्हणजे डोक्यावरच्या ओढणीचं, टोक दातांत धरलं. प्लास्टिकचा भुगा पडत होता. बांगडी फाकून निघाली तशी खालची कातडी ओट्यावरच्या बल्बमध्ये सगळ्यांना दिसली. वळ्यासारखी खोल खाच, पांढरी पडलेली, ओली, कडेनं रक्त. वास सुटला. दारातल्या बायकांनी पदर नाकाला लावले आणि मग, एकेकीनं, खाली केले. नंदाबाई रडायला लागली. तिचाही मला रागच आला.

वरच्या चारही मी कापल्या. काकीनं त्यातली सर्वात मोठी उचलली, देवसिंगकाकाचा उजवा हात ओढला आणि फाकलेली बांगडी त्याच्या मनगटावरून वर सारून कोपराच्या वर दाबून बसवली. वरून आपल्या टुकरीची चिंधी फाडून करकचून बांधली.

"तुया जीव आहे न यात?" ती म्हणाली. "तूच सांभाय मंग. मी लय सांभायला."

आपल्याच शब्दात सासरा असा अडकलेला मी त्याआधी पाहिला नव्हता. चुडो उतरला असंही म्हणता येईना, कारण तो तर काकाच्या दंडावर होता, आधीपेक्षा जिवाच्या जास्त जवळ.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी चिरा दिला. वाटीभर पू निघाला. चार दिवस सलाइन, सुया, रोजची मलमपट्टी. हात वाचला. मॅडमनी बजावलं, जखम भरल्यावरही गाठ हाताला लागली तर पुन्हा दाखवायचं, काखेतली प्रत्येक गाठ पुवाचीच असते असं नाही. घरी आल्यावर मी त्या घरातली ती ट्यूब उचलली आणि देवीलालच्या काउंटरवर नेऊन आपटली. त्यानं ती उचलून परत कपाटात ठेवली. अर्धी वापरलेली! मी तक्रार लिहून तालुक्याला दिली आहे. अजून कुणी आलेलं नाही. रोज विचारते.

काकी ओसरीत बाजेवर, हात उशीवर उघडा ठेवून, काखेला वारा लागू देत पडून असायची. लग्नानंतर पहिल्यांदा तिच्या दंडाला वारा लागत होता. "गार लागते वं," एकदा म्हणाली आणि हसली.

देवसिंगकाका मात्र ती बांगडी घालून फिरत होता. काढायची हिंमत नाही, नायक म्हणाला होता ना राखते म्हणून! शर्टाची बाही त्यावर चढेना, म्हणून बनियनवर फिरायचा. पोरं हसायची. त्रेचाळीस डिग्रीत घाम बांगडीखाली साचायचा. जांघेतली बुरशी त्याची होतीच, गोळ्या तो कधी धड घेत नव्हता. आठव्या दिवशी सकाळी मी काकीची पट्टी बदलत होते, तेव्हा तो येऊन उभा राहिला. दंड खाजवून खाजवून लाल केला होता, नखांचे ओरखडे कोपरापर्यंत.

"पुष्पा," तो म्हणाला, "हे कापून दे वं. झोप नाई मले. आग होऊन राह्यली, खाज अशी का जीव जाते. कोनाले सांगू नको, आत्ताच कापून टाक."

काकीनं मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. "किती दिस झाले?"

"आठ."

"आठ," काकी म्हणाली. चिरा देतानाही जिच्या डोळ्यांत पाणी आलं नव्हतं, तिचे डोळे भरले. "मले सत्तेचाळीस वर्सं झाले. एक दिस तरी इचारलं का तू मले, खाजते का म्हून?"

काकानं छपरात पाहिलं नाही. ह्या वेळी त्यानं खाली पाहिलं, तिच्या उघड्या दंडाकडे, त्या चार पांढऱ्या खाचांकडे. हात तसाच माझ्यापुढे धरून उभा राहिला.

ब्लेड माझ्या पिशवीतच होती. मी काढली नाही. काकीच्या काखेत पावडर टाकली, पट्टी चिकटवली आणि ती काय म्हणते त्याची वाट बघत बसले.